चौथ्याची चाल

दिगंबर साबळे सरांविषयी लिहायचं तर आधी राग गिळ, असं मला घरचे म्हणतात. मी गिळणार नाही. इतकी वर्षं गिळला, तब्येतीला मानवला नाही. परवा एका समारंभात एक तरुण इंजिनिअर मोबाईलवर भाषण ठोकत होता. एकाच लहरीवर शेकडो माणसं एकदम बोलतात आणि ज्याचं त्याला बरोबर ऐकू जातं, केवढी ही करामत, वगैरे वगैरे. शेवटी म्हणाला, "आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, त्या काळी असला विचार करणारं डोकंच नव्हतं." मी उठून बाहेर आले. बसले असते तर त्याच्या अंगावर धावून गेले असते, आणि शेजारी नात होती.

डोकं होतं, बाबा. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवत होतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्याची तेवढी लायकी नाही. मी तिथं पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. कारकुनाची मुलगी, तोंडानं फटकळ, म्हणून स्टाफरूममध्ये माझ्या वाट्याला फारसं कुणी जायचं नाही. साबळे सरांच्याही वाट्याला जायचे नाहीत, पण त्याचं कारण वेगळं. त्यांच्याशी बोलायला गेलं की माणसाला विचार करावा लागायचा, आणि आमच्या स्टाफला त्याची सवय नव्हती.

सर वालूरचे. घरी पाटीलकी, भरपूर जमीन, भाऊ शेती बघायचा. हा एकटाच शिकायला बाहेर पडलेला, आणि तोही असा की हैदराबादला जायचा ते आबिद रोडच्या फूटपाथवर जुनी मासिकं उकरायला. उंचापुरा माणूस, खांदे नांगर धरल्यासारखे. खडू कानावर खोचायची सवय, त्यामुळे उजवा कान कायम पांढरा. राग आला की समोरच्याला 'साहेब' लावायचे. "प्राचार्यसाहेब" असं त्यांच्या तोंडून जरा ताणून आलं की आम्ही कपबशा बाजूला घ्यायचो. जेवणाच्या सुट्टीत भाकरी आणि ठेचा, उभ्यानं. बसून जेवलं की झोप येते आणि झोपेत गणित सुटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पोरं त्यांना 'गलका सर' म्हणायची. त्यांच्या वर्गात कायम गलका, आणि त्यांना तो हवा असायचा. 'शांत बसा' हे शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे. हजेरी घ्यायचे तीसुद्धा अशी की सगळ्यांनी एकदम आपापलं नाव ओरडायचं. वर्ग दणाणून जायचा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "गणपत आला न्हाई आज." खरंच आलेला नसायचा. प्राचार्य एकदा धावत आले, बाजार भरलाय का इथं म्हणून. सर म्हणाले, "बाजारच हाय, साहेब. बाजारात माय लेकराचा आवाज ओळखती का न्हाई? कसा ओळखती, ते शिकवायलोय." प्राचार्य आल्या पावली गेले. मला म्हणाले, "बाई, हा माणूस कॉलेज बुडवणार." बुडवणारे कोण होते ते पुढं दिसलंच.

सरांचा नाद एकच. "एक दिवस असा येईल, बाई," ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून मला सांगायचे, "माणूस वाटेनं चालता चालता बिनतारीवर बोलंल. खिशात यंत्र. आता परत्येकाला वेगळी लहर द्यायची म्हणलं तं आभाळात तेवढी जागा न्हाई. मग काय करावं? एकाच लहरीवर सगळ्यांला बोलू द्यावं. पण ज्याची त्याची चाल वेगळी. आपलं बोलणं आपल्या चालीवर पसरून सोडायचं, आन् ऐकणाऱ्यानं तीच चाल धरून ते पुन्हा गोळा करायचं." मला आधी काहीच कळलं नाही. मग त्यांनी ते वर्गात करून दाखवलं.

चार पोरं ओळीनं उभी केली. हात वर आणि हात खाली, एवढंच. पहिल्याची चाल: वर, वर, वर, वर. दुसऱ्याची: वर, खाली, वर, खाली. तिसऱ्याची: वर, वर, खाली, खाली. चौथ्याची: वर, खाली, खाली, वर. चाल संपली की पुन्हा पहिल्यापासून. 'हो' म्हणायचं असेल तर आपली चाल जशीच्या तशी करायची, 'नाही' म्हणायचं असेल तर बरोबर उलटी. सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, मागं हात लांबवून टेबलावर थाप दिली, की चौघं एकदम सुरू. वर्गानं सरांना फक्त बेरीज सांगायची: वरच्या हातांतून खालचे हात वजा जाता किती उरतात. कोण वर, कोण खाली, ते नाही. आणि सर भिंतीकडं बघत सांगायचे, "पयला हो. दुसरा न्हाई. तिसरा हो. चौथा हो." दर वेळी बरोबर. मी म्हटलं, जादू आहे. सर चिडले. "जादू म्हणू नका, बाई. हिशेब हाय. ज्याची चाल धरून बघाल तेवढाच शिल्लक ऱ्हातो, बाकीचे आपसात कटतात. कुणाला गप करावं लागत न्हाई."

चौथ्या जागी नेहमी प्रल्हाद मस्के असायचा. बी.एस्सी.चा विद्यार्थी, पूर्णेकाठच्या एका वाडीतला, महारवाड्यातून कॉलेजपर्यंत आलेला पहिलाच. बोलणं कमी. पण सरांनी फळ्यावर गणित घातलं की उत्तर वहीत न लिहिता ओठांतल्या ओठांत पुटपुटायचा, आणि सर त्याच्या ओठांकडं बघून पुढं जायचे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्या दिवसांबद्दल आता लोक 'वातावरण तापलं होतं' असं लिहितात. ऊन तापावं तसं काही तापलं नव्हतं. माणसांनी माणसांची घरं जाळली, विहिरी बंद केल्या, आणि दुसऱ्या दिवशी हात धुऊन कचेरीत आली. आमचं कॉलेज बंद झालं, मग उघडलं. उघडलं तेव्हा प्रल्हाद नव्हता. त्याच्यासारखे आणखी बरेच नव्हते. हजेरीच्या गलक्यात सर डोळे मिटून उभे राहिले ते बराच वेळ राहिले.

प्राचार्यांनी सांगितलं, अभ्यासक्रम मागं पडलाय, पुढं चला. सर म्हणाले, "चार चाली हायेत, साहेब. चौथा कुठं गेला?" प्राचार्य म्हणाले, तिघांवर भागवा की, कुणालाही उभं करा चौथ्या जागी. त्यावर सरांनी खडू कानावरून काढला, टेबलावर ठेवला आणि सायकल काढून गेले.

ते प्रल्हादच्या वाडीत गेले होते. काय झालं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही दात-ओठ खाऊन. घराची फक्त भिंत उभी होती. प्रल्हाद ओल्या काड्या वेचत होता. त्याच्या आईनं विचारलं, "तुमी पाटलाचे ना?" सर हो म्हणाले. ती म्हणाली, "मग आता काय बघायला आलाव?" सरांनी सांगितलं, प्रल्हादला न्यायला आलोय. तिनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. प्रल्हाद एवढंच म्हणाला, "येईन. माझं मी येईन." सर तसेच परत आले. लोकांना वाटलं सरांनी मोठं काम केलं. सरांना स्वतःला तसं वाटत नव्हतं, हे मी सांगते. ते प्रयोगशाळेत येऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना बसलेलं बघितलं. "बाई," म्हणाले, "त्या माऊलीनं विचारलं ते गलत न्हवतं."

वालूरहून भाऊ आला आणि गेटपाशी उभं राहून ओरडून गेला, आमच्यात राहायचंय का त्यांच्यात ते ठरव म्हणून. सगळ्या स्टाफनं खिडकीतून बघितलं. मूग गिळून बसलेली ती तोंडं मला आजही ओळीनं आठवतात. सगळी मंडळी शिकलेली, कुणी मराठीचा, कुणी राज्यशास्त्राचा, आणि वर्गात गेली की समतेवर तास घेणारी.

प्रल्हाद आला, काही महिन्यांनी, त्याचा तो. वर्गात दाराजवळ उभा राहिला. सरांनी काही विचारलं नाही, फक्त चौघांना उभं केलं आणि भिंतीकडं तोंड करून थाप दिली. वर्गानं बेरजा सांगितल्या. सर म्हणाले, "पयला हो. दुसरा हो. तिसरा..." आणि अडखळले. "तिसऱ्याचं दुप्पट यायलंय. चौथ्याचं कायच येईना. चौथा हाय का न्हाई तिथं?"

"हाय की सर," प्रल्हाद म्हणाला. "इथंच हाय. मी मुद्दाम एक ठोका उशिरा निघालो. चाल माझीच केली, 'हो' म्हणलो. तं माझं सगळं तिसऱ्याच्या नावावर जमा झालं."

सर वळले. वर-खाली-खाली-वर ही चाल एक ठोका सरकली की वर-वर-खाली-खाली होते, म्हणजे हुबेहूब तिसऱ्याची. कागदावर मांडून बघा, कुणालाही दिसेल. पण सरांची थाप एका खोलीतली. तिथं कुणाला उशीर व्हायचाच नाही, त्यामुळे ते कधी दिसलंच नव्हतं.

प्रल्हाद पुढं म्हणाला, "तुमच्या चाली बरोबर हायेत सर, सगळे एकदम निघाले तं. आमी कुठं एकदम निघालो? आन् तुमी म्हणता यंत्र खिशात घालून माणूस चालणार. मग कुणी जवळ असंल, कुणी लांब असंल. सगळ्यांला एकच थाप एकदम कशी ऐकू येईल?"

मला वाटलं आता सर फाडून खाणार. सर फाडूनच खात होते, पण स्वतःला. "दोन वर्षं," ते ओरडले, "दोन वर्षं मी इथं उभा राहून गाढवपणा शिकवायलोय! आन् हे सगळे माना डोलवायलेत!" मग प्रल्हादकडं वळून म्हणाले, "पुन्हा उशिरा निघ. दोन ठोके उशिरा निघ. बघू आणखी कुणाकुणाचं वाटोळं होतंय."

त्या दिवसापासून काम दोघांचं झालं. अट प्रल्हादची होती: जो उशिरा आला तोही त्याच्याच नावानं ओळखू आला पाहिजे. त्या अटीत बसणाऱ्या चाली शोधायच्या. चार ठोक्यांच्या चालीत ते जमत नाही, चाल लांब लागते. ती दुसऱ्या कुणाच्याही चालीवर कशीही सरकवली तरी तिच्यासारखी दिसू नये. सर एका बाजूनं गणित मांडायचे, प्रल्हाद दुसऱ्या बाजूनं तोडायचा. तो इतक्या निर्दयपणे तोडायचा की सर चिडून 'प्रल्हादसाहेब' म्हणायला लागायचे. बी.एस्सी. झाल्यावर तो एम.एस्सी.ला शहरात गेला तरी प्रत्येक सुट्टीला येऊन भांडायचा. हैदराबादहून सुटे भाग आणून दोघांनी एक खोका बनवला, चाली आपोआप वाजवणारा. एक उंच सूर आणि एक खालचा सूर, वर आणि खाली म्हणून. बिनतारी लहरी सोडायला सरकारी परवाना लागतो, तो कोण देणार आम्हाला! सर म्हणाले, "आवाज तं फुकट हाय."

म्हणून येलदरी. धरणाच्या पाण्यावर मासे धरणाऱ्यांच्या होड्या मागून घेतल्या, मंडपवाल्याचे भोंगे आणले, प्रत्येक होडीत तसलाच एकेक खोका आणि एक भोंगा. काठावर मी टेपरेकॉर्डर घेऊन. होड्या फिरत राहायच्या, सगळे भोंगे एकदम बोंबलायचे, आणि टेपवरचा तो कालवा चाल धरून ऐकणाऱ्या दुसऱ्या खोक्याला देऊन त्यातून एकेक होडी वेगळी काढायची. आणि निघाल्या की हो! मागंपुढं सुरू झालेल्या, हलत्या होड्या, प्रत्येकीचं 'हो' आणि 'नाही' वेगळं. होडीवाले हसत होते, ह्या मास्तरला काय झालंय म्हणून. एक होडी मात्र सापडेना, सगळ्यात लांबची. काठाजवळच्या होडीचा भोंगा इतका मोठा वाजत होता की लांबचीची चाल त्याच्याखाली दबून मरत होती.

मंडपवाला म्हणाला, लांबच्याला जोर लावायला सांगा. सर त्याच्यावर उखडले. "त्याच्याकडं तेवढी बॅटरीच न्हाई, तं जोर कुठून लावंल? जवळच्यानं आवाज कमी करावा. जो जवळ हाय त्यानंच हळू बोलावं, त्याला काय कमी पडायलंय?" जवळच्या भोंग्याचा कान पिळला आणि लांबची होडी आली. प्रल्हाद पाण्यातच उडी मारून काठावर आला. तो हसला असा मी तेवढाच एकदा बघितला.

हेच वाक्य सरांनी पुढं स्टाफ मीटिंगमध्ये टाकलं. नामांतराचा विषय पुन्हा निघाला होता. एकेक जण तावातावानं अस्मिता, इतिहास, भावना असं काय काय बोलत होता. प्राचार्य म्हणाले, त्या लोकांनी आपलं म्हणणं नीट, मोठ्यानं मांडावं, आम्ही नक्की ऐकू. सर उभेच होते. म्हणाले, "जवळच्यानं हळू बोला, साहेब. मग लांबचं ऐकू यील." प्राचार्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "साबळे, हे काय राजकारण आहे?" सर म्हणाले, "न्हाई. गणित हाय." मी मोठ्यानं हसले. माझ्या त्या हसण्याची नोंद घेतली गेली, पण मला काय फरक पडतो!

आता मुख्य गोष्ट.

सरांनी डॉक्टरेटसाठी नाव घातलेलं होतं. मार्गदर्शक परराज्यातल्या एका मोठ्या शहरातले, त्यांचंही नाव लिहीत नाही. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेनं सरांना कळवलं होतं की डॉक्टरेट हातात आली की जागा तयार आहे. तिथं खरी यंत्रं होती, खऱ्या लहरी होत्या, परवाने होते. सरांना आयुष्यात तेवढंच पाहिजे होतं. भोंग्यांवर किती दिवस काढणार? त्याआधी एक निबंध छापून यायला हवा होता. तो तयार झाला. आकृत्या मी काढल्या. वर नावं होती दोन: दि. साबळे आणि प्र. मस्के.

मार्गदर्शक स्वतः आले. येलदरीचा प्रयोग बघितला, वा वा केली, प्राचार्यांच्या घरी श्रीखंड-पुरी खाल्ली. मग प्राचार्यांच्या खोलीत निबंध हातात घेऊन म्हणाले, "काम उत्तम. नावं दोनच शोभतात. माझं आणि तुमचं. हा मस्के कोण?" आयत्या बिळावर नागोबा! या माणसानं इतक्या वर्षांत एक ओळ लिहिली नव्हती. आकृत्या दाखवायला म्हणून मी तिथंच उभी होते, त्यामुळे हे ऐकीव नाही.

सर म्हणाले, "उशिराची अट त्याची हाय. ती काढली तं निबंधात कायच उरत न्हाई."

"मग आभारात घाला की. शेवटच्या पानावर. पोरगा खूश होईल."

प्राचार्य पुढं सरसावले. "साबळे, दिवस कसे आहेत ते बघा. आपल्या कॉलेजच्या नावाबरोबर असं आडनाव छापून आलं की लोक त्याचा भलताच अर्थ काढतील. तुमच्या भल्यासाठी सांगतो."

असं आडनाव! माझ्या हातातली शाईची दौत त्यांच्या सफारीवर ओतायची राहिली, याचं मला आज दुःख आहे. मी सरांकडं बघितलं. 'साहेब' येणार, टेबल उलटणार, असं मला वाटलं. सर ओरडलेच नाहीत. एवढंच म्हणाले, "एक नाव काढायचंय ना? काढतो." मार्गदर्शकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. मला इतकी किळस आली की मी आकृत्या तिथंच टाकून निघून गेले.

सरांनी नाव काढलं. स्वतःचं. निबंध एकट्या प्र. मस्केच्या नावानं धाडून दिला आणि तो एका चांगल्या मासिकात छापूनही आला. मार्गदर्शकांनी प्रबंधावर सही करायला साफ नकार दिला. प्राचार्यांनी पुढच्याच महिन्यात सरांची बदली पालमला केली, संस्थेचं तिथं हायस्कूल होतं. आठवी-नववीला बेरीज-वजाबाकी. बंगळूरची जागा गेली ती गेलीच. स्टाफ म्हणाला, खुळा आहे. मी मात्र सगळ्यांना ऐकवत फिरले, बघा, याला म्हणतात माणूस! माझी छाती अशी फुगली होती, जणू ते मीच केलंय.

पुढं मी नवऱ्याच्या बदलीबरोबर जिल्हा सोडला. प्रल्हादनं मासिकाकडं महिनोन्महिने भांडून दुरुस्ती छापून घेतली, दोन्ही नावांची, हे मला फार नंतर कळलं. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा सर पालमलाच होते आणि डॉक्टर नव्हते, हेही ऐकीवच. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, परभणीच्या एस.टी. स्टँडवर, ते पालमला रुजू व्हायला निघाले त्या दिवशी.

भर दुपार. सरांच्या हातात एक ट्रंक, कान पांढराच. निरोप द्यायला कॉलेजातून मी एकटी. गाडी लागली, सर चढले, खिडकीशी जागा मिळाली. तेवढ्यात गर्दीतून प्रल्हाद आला. शहरातून थेट आला होता, मळकट कपडे, डोळे लाल. मला वाटलं, पाया पडायला आला. त्यानं खिडकीखाली उभं राहून मासिक सरांपुढं धरलं.

"हे कुणाला विचारून केलंत?"

सर म्हणाले, "तुझंच हाय ते."

"माझं? एकट्याचं? मुलाखतीला गेलो होतो सर. चौघंजण बसलेले. म्हणले, हे तू एकट्यानं केलंस? मी म्हणलो, न्हाई, सरांसंगं केलं. म्हणले, मग त्यांचं नाव कुठाय? मी काय सांगू? ते एकमेकांकडं बघून हसायलेत. एक तोंडावर म्हणला, कुणाचं उचललंस? मला चोर ठरवलं सर, तुमी! त्यांनी माझं नाव काढलं असतं तं मी त्यांच्याशी भांडलो असतो. तुमच्याशी कसं भांडू?"

पहिल्यांदा माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसानं तुझ्यासाठी आयुष्य पणाला लावलं आणि तू असा बोलतोस? मी तोंड उघडलंच होतं. पण तो बोलत राहिला.

"दान मागितलं होतं का मी? दोन नावं एका ओळीत पाहिजे होती. एवढंच पाहिजे होतं. तुमचं तुमी ठरवलं, माझंही तुमीच ठरवलं. ते प्राचार्य आन् तुमी, दोघांनीबी मला इचारलं न्हाई."

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली. गाडी हलली. प्रल्हाद खिडकीबरोबर चार पावलं चालला, मग थांबला आणि तोंड फिरवून उभा राहिला. गाडी स्टँडच्या फाटकापाशी वळायला हळू झाली, तसे सर ट्रंकेसकट दारातून उतरले. धडपडत उतरले, गुडघा फुटला. लोक ओरडले. ते लंगडत परत आले आणि प्रल्हादच्या समोर उभे राहिले.

"सर, गाडी गेली," प्रल्हाद म्हणाला.

"जाऊ दे. मी तुझ्या जागी असतो आन् तू मला न इचारता असं केलं असतंस, तं मी काय केलं असतं?"

प्रल्हादनं हातातलं मासिक खाली केलं. मग म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या."

"मग दे."

आणि प्रल्हादनं दिल्या. भर स्टँडात, रडत, मोठमोठ्यानं, वाडीतल्या भाषेत. हमाल थांबून बघायला लागले. सरांनी ट्रंक खाली ठेवली नाही, गुडघ्याकडं बघितलं नाही, की एकदाही 'साहेब' म्हणाले नाहीत. माझी गाडी लागली, मी चढले, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तसेच उभे होते.